पुडीचा गुण

राणीसावरगाव,
३ नोव्हेंबर १९८७

मित्र चंद्रभान यास किशनचा रामराम.

इकडं सगळे खुशाल हायत. ज्वारी गुडघ्याला लागली. कापूस बरा हाय.

कामाचं लिहितो. विहिरीवरचं इंजिन दोन म्हैन्यांपासून बिघडलंय. पयले एक पुडी टाकली की चालू व्हायचं. आता दोन टाका, तीन टाका, जरा फुरफुरतं आन बंद पडतं. तरी जिंतूरच्या मिस्तरीला इचारून कडक पुडी धाडावी. उशीर करू नये.

पत्र वाचून फाडून टाकावं.

तुझा,
किशन

*

येलदरी वसाहत,
११ नोव्हेंबर १९८७

प्रिय किशन, रामराम.

तुझं पत्र आलं तेव्हा कमल शेजारीच मटार सोलत होती. म्हणाली, "काय लिहिलंय?" मी म्हणालो, "किशनचं इंजिन बिघडलंय." ती म्हणाली, "त्यांच्या विहिरीवर तर चार वर्षांपासून विजेची मोटार आहे. इंजिन कुठून आलं? आणि इंजिनात पुडी टाकतात?" मी वंगणाबद्दल काहीतरी बोललो आणि उठून गेलो.

अरे बाबा, इतकं झाकून कशाला लिहायचं? तुमचा पोस्टमन आश्रुबा पाकिटं फोडत नाही. फोडत असेल तर एव्हाना अख्खं सावरगाव तुझ्या विहिरीच्या काळजीत पडलं असेल. तीन वर्षं झाली, जिंतूरच्या हकीमसाहेबांच्या पुड्या मीच तुला पार्सलनं पाठवतोय. त्या कशासाठी आहेत ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. आपण गंगाखेडच्या शाळेत एका बाकावर बसलो, उस्तादांच्या छड्या एकाच रांगेत खाल्ल्या. माझ्यापुढं कसली आली लाज?

सरळ लिही. कधीपासून गुण येईना? आणखी काही त्रास आहे का? झोप, भूक, पाणी, सगळं लिही. मग पुडीचं बघू.

तुझा,
चंद्रभान

*

राणीसावरगाव,
१९ नोव्हेंबर १९८७

चंद्रभान,

तुला मस्करी सुचायली. इथं माझा जीव जायलाय.

लिहितो सरळ. पोळ्यापासून असं झालंय. पयल्यांदा वाटलं, थकलो असंल. मग वाटलं, पुडी जुनी असंल. पुडी वाढवली, दुधात घेतली, मधात घेतली. नर्मदेपाशी जावं तर अंग साथच देत न्हाई. ती रागावत न्हाई. कूस बदलून म्हणते, "झोपा, दमलाव." ते दमलाव ऐकलं की मला मेल्यावानी होतं.

मागल्या म्हैन्यात मी खाट उचलून शेतातल्या आखाड्यावर, झोपडीत नेली. तिला सांगितलं, हरणं लय झालीत, ज्वारी खायलीत, राखणीला जातो. ती म्हणाली, "हरणं काय आजच आली का?" मी म्हणालो, "व्हय."

तिला पुड्यांचं ठाव न्हाई. तिला मी पोटाचं चूर्ण म्हणून सांगितलेलं हाय. आता काय तोंडानं सांगू?

बाकी त्रास काय न्हाई. तहान तेवढी लय लागते.

एक कर. हकीमसाहेबाला सांग, पयल्या वर्षीच्या पुड्या ठीक होत्या, पन मागच्या दोन वर्षांतल्या त्याच्यापेक्षा जबर होत्या. त्याच्यात जे काय घातलं होतं ते आता दुप्पट घाला म्हणावं. मी वाट बघायलाव.

किशन

*

येलदरी वसाहत,
२८ नोव्हेंबर १९८७

प्रिय किशन,

हे पत्र तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. हे चौथं आहे. बसून वाच.

हकीमसाहेब आता नाहीत. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर आठच दिवसांनी ते वारले. मी पुड्या आणायला गेलो तर दुकानाला कुलूप, आणि शेजारचा शिंपी सांगतोय की मय्यत कालच झाली. माझ्या खिशात तुझं पत्र होतं. तू लिहिलं होतंस, "चंद्रभान, पुन्हा लगीन झाल्यावानी वाटायलंय." आता तुला काय कळवू? घरी आलो. कमल शेजारी गेली होती. भाजक्या डाळ्यांचं पीठ घेतलं, त्यात सुंठ, वेलदोडा आणि वाटलेली खडीसाखर घातली. तसाच पिवळा कागद घेतला आणि वीस पुड्या बांधल्या. म्हटलं, एवढ्या जातील, गुण येणार नाही, मग आपोआप थांबेल.

पंधरा दिवसांत तुझं पत्र. "या खेपेच्या पुड्या पयल्यापेक्षा जबर हायत."

मी हसलो, खोटं सांगत नाही. ड्यूटीवर, पॉवर हाऊसच्या जनरेटरपाशी उभा राहून एकटाच हसलो. आणि मग दोन वर्षं बांधतच राहिलो.

आता शिव्या द्यायच्या त्या दे, पण आधी पुढचं ऐक. दोन वर्षं तू डाळ्याच्या पिठावर चाललास, म्हणजे तोवर तुझ्या शरीराला काहीही झालेलं नव्हतं. होतं ते मनात होतं आणि ते विश्वासानं बरं होत होतं. तेच पीठ, तोच विश्वास, आणि आता गुण येईना. म्हणजे आता खरंच शरीरात काहीतरी बिघडलंय. यावर पुडी नाही. परभणीला जाऊन चांगल्या डॉक्टरला दाखव. मी सोबत येतो.

तुझा अपराधी,
चंद्रभान

*

रा. राणीसावरगाव,
५ डिसेंबर १९८७

श्री. चंद्रभान यांस,

पत्र पोचलं. दोन वर्षं मला डाळे चारून तुमी तिकडं हसत होता, हे समजलं. यापुढं आमाला लिहू नये.

किशनराव आबासाहेब

*

राणीसावरगाव,
६ जानेवारी १९८८

चंद्रभान भाऊजींना नर्मदाबाईचा नमस्कार.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर समजून घ्या. हे पत्र मी यांना न सांगता लिहायले.

तुमच्या दोघांत काय झालं? तुमचं नाव काढलं की हे ताटावरून उठतात. चाळीस वर्षांची दोस्ती, मी लग्न होऊन आले तवा सासूच्या आधी तुमचं नाव ऐकलं होतं.

हे तीन म्हैने आखाड्यावर झोपायलेत. हरणांचं निमित्त हाय. ज्वारी आता माणसाच्या वर गेली, कणसं भरली, हरणं कवाच दुसरीकडं गेली, पन हे काय घरी येईनात. एक दिवस मी सकाळी अवचित भाकर घेऊन गेले. म्हटलं, बघावं तरी कोण हाय तिथं. तर हे एकटेच माठापाशी उकिडवे बसलेले. तांब्यावर तांब्या पानी पेत होते. मला बघून असे दचकले की तांब्या सांडला.

भाऊजी, बाईचा विषय हाय का? असंल तर सांगा. मी रडनार न्हाई. मी जाऊन तिला सांगीन, बाई, यांना भाकरीवर लोणी लागतं, आन घोरतात असे की कुत्रं उठून जातं, तुला झेपंल का बघ. पन खरं सांगू का, बाई असती तर माणूस नटला असता. हे तर वाळायलेत. सदरा खुंटीला लटकल्यावानी दिसतो. पायाच्या अंगठ्याला दिवाळीत ठेच लागली, ती जखम अजून ओली हाय. आखाड्यामागं लघवीला जातात तिथं मुंग्यांची रांग लागती. शेजारचा मुंजाजी म्हणतो, कोनी तरी करणी केली.

तुमाला काय ठाव असंल तर लपवू नका. मला भ्या वाटायलंय.

नर्मदा

*

येलदरी वसाहत,
१२ जानेवारी १९८८

वहिनी, नमस्कार.

बाई नाही. करणीही नाही. मुंजाजीला त्याच्या म्हशी बघायला सांगा.

तुमच्या पत्रातल्या मुंग्या वाचल्या आणि मी खुर्चीतून उठलोच. आमच्या पॉवर हाऊसमध्ये एक जुने फोरमन होते, त्यांच्या मोरीत अशाच मुंग्या यायच्या. अशीच तहान, अशीच न भरणारी जखम. त्यांना साखरेचा आजार निघाला. त्यांनी फार उशिरा दाखवलं. आपण उशीर करायचा नाही.

मी पुढच्या गुरुवारी रजा टाकून येतोय. त्याला आधी सांगू नका, नाहीतर हरणांच्या मागं निघून जाईल. तोवर त्याच्या चहात साखर आणि गूळ काही घालू नका. विचारलं तर संपलीय म्हणा.

आमच्यात काय झालं ते त्यानंच तुम्हाला सांगायला हवं. माझ्या हातून एक गुन्हा झालाय एवढं नक्की. तुम्ही विळी उगारणार असाल तर मी ओसरीवरच बसेन.

तुमचा,
चंद्रभान

*

राणीसावरगाव,
१४ फेब्रुवारी १९८८

चंद्रभान यास,

यापुढं लिहू नये असं मी तुला लिहिलं होतं. मी लिहू नये असं कुठं लिहिलं होतं? म्हणून लिहायलाव.

त्या दिवशी तू आलास, मला आन नर्मदेला जीपमधी घातलंस, परभणीपर्यंत मी तुझ्याशी एक शब्द बोललो न्हाई. नामांतराच्या मोर्च्यानं रस्ता अडला म्हणून जीप स्टँडपाशी सोडून चालत निघालो. दवाखान्याच्या पायरीवर तूच म्हणालास, "किशन, रक्त!" चपलेचा खिळा वर आला होता आन तळव्यात शिरला होता. एवढा रस्ता मी त्याच्यावर चाललो आन मला कळलं न्हाई. तवा पयल्यांदा मी भ्यालो. तुझ्याकडं बघितलं, तर तुझं तोंड माझ्यापेक्षा पांढरं.

तू बाहेर बाकावर बसलास. आत काय झालं ते तुला सांगायचं राहिलं. आमी बाहेर आलो तर तू औषधं आणून ठेवलेली, आन ड्यूटीची गाडी गाठायची म्हणून निघालास.

डॉक्टरनं एका काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझी लघवी आठ थेंब टाकली आन दिव्यावर उकळली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आन शेवटी पक्क्या विटेवानी लाल. डॉक्टर म्हणाले, "साखर भरपूर आहे. बरं झालं आलात. आणखी सहा महिन्यांनी पाय गेला असता." मग इचारलं, "आणि नवरा-बायकोचं कसं आहे? त्यात काही अडचण?"

नर्मदा शेजारीच. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बाळाकडं बघत बसलो. डॉक्टर म्हणाले, "लाजू नका, साखर नसांवर परिणाम करते, पुष्कळांना होतं." मी कॅलेंडरावरचे वार वाचायला लागलो. तवा नर्मदा म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे तीन म्हैन्यांपासून हरणं राखायलेत."

डॉक्टरला काय कळंना. मला मात्र भडभडून आलं. सगळं सांगितलं. पुड्या, हकीम, तुझं डाळ्याचं पीठ, सगळं. डॉक्टर चष्मा काढून हसले. मग म्हणाले, "तुमच्या मित्रानं पिठाची लबाडी केली, पण हिशेब बरोबर मांडला. पीठ चालत होतं तोवर तुम्ही ठीक होता." खडीसाखरेचं बी इचारलं मी. त्यानं काय हा आजार होत न्हाई म्हणाले, तवा तू मनाला लावून घेऊ नको. गोळ्या दिल्यात, पथ्य दिलंय. त्या गोष्टीचं म्हणाले, साखर ताब्यात आली तर थोडंफार सुधारंल, कदाचित न्हाई बी सुधारणार. आज त्याच्यावर हमखास औषध न्हाई, कोन देतो म्हणालं तर घेऊ नका.

नर्मदा पुढं पुढं चालत एस.टी.त जाऊन बसली. मला वाटलं, आता माहेरी जाती. गंगाखेड मागं पडल्यावर म्हणाली, "पोटाचं चूर्ण म्हणून सांगितलं मला. मी म्हटलं यांचं पोट लय नाजूक झालंय. तुमच्या पोटापायी तीन वर्षं मी वांगं केलं न्हाई, मला येवढं आवडतं तरी." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी कवा काय मागितलं होतं का तुमच्यापाशी? तुमी खाट नेली, ते लागलं मला. खाट घरी आणा."

दुसऱ्या दिवशी खाट आणली. वांग्याची भाजी झाली.

चंद्रभान, माझा राग अजून गेला न्हाई, थोडा शिल्लक हाय. पन एक गोष्ट डोक्यात घोळायली. त्या जिंतूरच्या हकीमाचं तुला कसं ठाव होतं? तू कशाला गेला होतास तिकडं?

किशन

*

येलदरी वसाहत,
२७ फेब्रुवारी १९८८

प्रिय किशन,

हे कधीतरी विचारशील म्हणून तीन वर्षं मी उत्तर तयार ठेवलं होतं. सांगणार होतो, सांधेदुखीसाठी गेलो होतो. आता तू खरं लिहिलंस, मग मीही खरं लिहितो.

मी माझ्यासाठी गेलो होतो. एक्क्याऐंशी साली. तेव्हा सत्तेचाळीसचा होतो. हकीमसाहेबांनी आठ महिने पुड्या दिल्या, खऱ्या, त्यांच्या हातच्या. मला एक दिवसही गुण आला नाही. शेवटी ते स्वतःच म्हणाले, "बेटे, अब मत आओ, मुझे शर्म आती है." फार सज्जन माणूस होता.

मग चौऱ्याऐंशीत तुझं पत्र आलं. तुलाही तेच. मी तुला पुड्या पाठवल्या आणि तुला लागल्या. किशन, मी जळलो. तुझं ते आनंदाचं पत्र वाचून दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. मग काय झालं कुणास ठाऊक, मी ते पत्र पुन्हा पुन्हा काढून वाचायला लागलो. वाटलं, दोघांतला एक तरी सुटला. म्हणून हकीमसाहेब गेले तेव्हा तुझं सुख बंद पडू द्यायला माझं मन होईना.

तू मला शिव्या दिल्यास, पण तुझं काम सोपं होतं. तुझ्या बायकोनं डॉक्टरसमोर तोंड उघडलं. कमल आणि मी सात वर्षांत या विषयावर अक्षरही बोललो नाही. ती शेजारच्या खोलीत झोपते, म्हणते, मला पंख्याचा वारा सोसत नाही. मी कधी विचारलं नाही, हिवाळ्यातही? आम्ही भाजीचं बोलतो, धरणात किती फूट पाणी आहे ते बोलतो. भांडण नाही. काहीच नाही.

हे मी तुला मस्करीत लिहू शकलो असतो. जमलं नाही.

चंद्रभान

*

राणीसावरगाव,
१० एप्रिल १९८८

प्रिय चंद्रभान,

पत्राला उशीर झाला. काय लिहावं ते सुचंना. माझा राग होता तो तुझं पत्र आलं त्याच दिवशी गेला. तीन वर्षं तू माझी गाऱ्हाणी ऐकलीस आन तुझं एक सांगितलं न्हाईस. तुला उस्तादांची छडी पुन्हा द्यायला पायजे.

आधी हुकूम. तू स्वतःची लघवी तपासून घे. रक्तदाब बघून घे. मला जीपमधी घालून नेणारा माणूस स्वतः सात वर्षं दवाखान्याची पायरी चढला न्हाई, हे मी नर्मदेला सांगितलं, तर तिनं विळी काढली.

आता इकडचं. नर्मदेनं डॉक्टरकडून नळी आन निळं औषध मागून घेतलंय. रोज सकाळी अंगणात स्पिरिटचा दिवा लावून बसती. म्हणती, "पस्तीस वर्षं यांना शिजवून घातलं, आता येवढंच शिजवायचं राहिलं होतं." विटेवरनं पिवळ्यावर आलो, या आठवड्यात हिरवं आलं. हिरवं आलं की शेजारणीला बोलावून दाखवती. कशाचं हाय ते मात्र सांगत न्हाई.

तुला इचारायचं असंल ते मीच सांगतो. एकदा जमलं. मग पुन्हा न्हाई. जमलं न्हाई तवा मी उठायला लागलो, तर तिनं सदऱ्याला धरलं. म्हणाली, "पडून ऱ्हावा की. बोला कायतरी." काय बोलू म्हणालो. "लहानपणचं सांगा." मग तू आन मी शाळेतून पळून गोदावरीत पोहायला गेलो आन कपडे वाहून गेले, ते सांगितलं. ती इतकी हसली, इतकी हसली की मला वाटलं सून उठंल. पस्तीस वर्षांत हे तिला मी सांगितलंच न्हवतं. वेळच कुठं होता? पयले शेत होतं, मग लेकरं, मग पुड्या.

डॉक्टरनं सांगितलंय, रोज पाय धुऊन बोटांच्या फटी बघायच्या. मला वाकून दिसत न्हाई. तीच बघती. दिवस मावळायच्या आधी परातीत कोमट पानी घेती, माझा पाय मांडीवर घेती, एक एक बोट फाकवून बघती. परवा तिनं माझे पाय पुसले आन उठायला लागली. तिच्या टाचांना ह्या भेगा. सगळा जन्म काळ्या रानात गेलेला, मी कवा बघितल्याच न्हाईत. मी म्हणालो, "बैस. आता तुझे." ती म्हणाली, "वेडे झालाव का? कोनी बघंल." मी परात पुढं ओढली. तिचा पाय पाण्यात घेतला. तिला लाजून लाजून बसवंना. तेवढ्यात मुंजाजी काडीपेटी मागायला फाटकातून आत आला, बघून थबकला. राणीसावरगावचा किशनराव अंगणात बसून बायकोचे पाय धुतो! नर्मदा पाय ओढायला लागली.

मी सोडला न्हाई. मुंजाजीला म्हणालो, "काडीपेटी चुलीपाशी हाय, घेऊन जा."

तू कमलबाईला सांग. काय सांगायचं ते तुझं तुला कळंल. सांगता येत न्हाई म्हणालास तर मी येऊन सांगीन, आन मी सगळं सांगीन.

तुझा,
किशन

*

येलदरी वसाहत,
१७ एप्रिल १९८८

प्रिय किशन,

परवा जिंतूरला जाऊन तपासून आलो. साखर नाही, रक्तदाब आहे, बराच. गोळ्या सुरू झाल्या. हुकूम पाळला.

तुझं पत्र आज दुपारी मी कमलला वाचून दाखवलं. माझ्या तोंडून काही निघत नव्हतं, म्हणून म्हटलं तुझंच वाचावं. नळीचं वाचलं तेव्हा ती हसली. नदीचं वाचलं तेव्हा म्हणाली, "हे मला कधी सांगितलं नाहीत." परातीपर्यंत आलो आणि थांबलो. पुढं वाचता येईना. तिनं माझ्या हातातून कागद घेतला आणि राहिलेलं तिनंच मोठ्यानं वाचलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. "तू कमलबाईला सांग." मग चष्मा काढून माझ्याकडं बघत म्हणाली, "सांगा."

ती अजून समोर बसली आहे. मी म्हणालो, किशनला पोच लिहितो, दोनच ओळी. ती म्हणाली, लिहा, मी कुठं जात नाही.

म्हणून इथंच थांबतो.

तुझा,
चंद्रभान